जहाज आठ तास थांबलं होतं

मंगळूरहून तू काय आणलंस, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच : दोन किलो काजू. तेच काजू गोंदियाच्या बाजारात मिळतात, आणि आमच्या बालाघाटच्या सराफ्याजवळच्या किराणा दुकानातही मिळतात. एवढ्यासाठी मी गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस पकडली, मुंबईला बॅलार्ड पियरवर पासपोर्ट दाखवला, दोन रात्री समुद्रात डोलत काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एका बंदरात उतरले.

कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. मुंबई, मंगळूर, कोची, मालदीव असा जहाजाचा मार्ग. आपल्या समाजाची बेचाळीस माणसं, त्यांत सव्वीस बाया. पैसे प्रत्येक घरानं भरले होते, पण कार्यक्रम ठरवला चार जणांनी आणि त्या चारांत बाई एकही नव्हती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. खाखऱ्यांचे डबे किती, मेथीच्या पुऱ्या कोण करणार, सामायिकाची चटई कोणाच्या बॅगेत, याच्या तीन बैठका झाल्या आमच्या. मंगळूरला उतरून काय करायचं, याची एकही झाली नाही.

जहाज सकाळी आठला पणंबूरच्या नवमंगळूर बंदराला लागलं. साडेचारला सगळ्यांनी परत चढायचं होतं. मधले साडेआठ तास कसे गेले ते लिहिते, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी वाढवून सांगतेय. उतरायला आणि कागदपत्रांना एक तास गेला. बस भरायला पाऊण तास, कारण दोघी गोळी घ्यायला परत वर गेल्या. शहरातल्या मंदिरात वीस मिनिटं दर्शन. मग आधी सांगून ठेवलेली जैन थाळी, बेचाळीस पानं दोन पंगतींत, दोन तास. काजूचं दुकान, दीड तास. समुद्रकिनारा पाऊण तास, तोही भर उन्हात. आणि “उशीर नको” म्हणून सव्वातीनलाच जहाजाच्या शिडीपाशी. त्याच जहाजावरून दोन दिवस समुद्रच बघत होतो आम्ही, तरी किनारा बघायला गेलो!

बसमध्ये मी एकदा विचारलं होतं. म्हटलं, “भाईसाहेब, मूडबिद्री इथून चाळीसेक किलोमीटरच आहे ना?” ते हसले. “अरे बहनजी, मंदिर तो अपने यहाँ भी हैं. खाना निकल जाएगा.” सव्वीस बायांपैकी पंचवीस हसल्या. मीही हसले, म्हणजे सव्वीसच धरा.

संध्याकाळी डेकवर एक पांढऱ्या केसांची गोरी बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. माझ्या कपाळावरची टिकली, साडी बघून तिनं विचारलं, तुम्ही हिंदू का? मी म्हटलं, जैन. तिचा चेहरा उजळला. तिनं फोन काढला आणि मला एकामागून एक फोटो दाखवायला लागली. दगडी खांबांच्या रांगा, वर उतरत्या छपरांचे मजले, समोर आभाळात गेलेला मानस्तंभ. ती जहाजवाल्यांच्या सहलीत मूडबिद्रीला जाऊन आली होती. अर्धा दिवस, दुपारी परत. “हे तुमचं ना?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “हो, आमचं.” आणि ते मी पहिल्यांदा तिच्या फोनमध्ये पाहत होते.

त्या “हो”ची लाज मला अजून वाटते. म्हणून हा लेख.

मूडबिद्रीला जैन काशी म्हणतात. लहानशा गावात अठरा बसद्या आहेत. त्यांतली मोठी सावीर कंबद बसदी, म्हणजे हजार खांबांची, 1430 सालची. चंद्रनाथ भगवानांची. एका खांबासारखा दुसरा नाही असं तिथले लोक अभिमानानं सांगतात, आणि तुम्ही पंधरा-वीस खांबांपर्यंत तपासून पाहिलंत की मुकाट्यानं मान्य करता. पुढचा पन्नासेक फूट उंचीचा मानस्तंभ कारकळच्या भैरव घराण्याची राणी नागलादेवी हिनं उभारला असं परंपरा सांगते. आपल्याकडे देणगीच्या पाटीवर बाईचं नाव येतं ते “मातुःश्रींच्या स्मरणार्थ”, म्हणजे ती गेल्यावर.

पण मला मूडबिद्रीची ओढ खांबांसाठी नव्हती. तिथे एक पेटी होती, आणि त्या पेटीतल्या एका शब्दाशी आपल्या बायकांचा संबंध आहे.

षट्खंडागम आणि त्यावरची धवला टीका, कसायपाहुडावरची जयधवला, आणि महाधवला म्हणून ओळखला जाणारा महाबंध, या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांवरच्या प्रती शतकानुशतकं मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होत्या. वाचायला नाही, दर्शनाला. यात्रेकरू जायचे, हात जोडायचे, पेटी बंद व्हायची. आपला सर्वांत जुना सिद्धांत आपण इतका पूज्य मानला की तो कोणी वाचेनासं झालं. शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्यांनी मनावर घेतलं, आणि सुमारे 1896 पासून 1922 पर्यंत, सव्वीस वर्षं, त्या पानांची नक्कल करण्याचं काम चाललं. अट अशी की नक्कलही गावाबाहेर जायची नाही.

नकलेच्या कामात गजपती उपाध्याय नावाचे पंडित होते. त्यांनी घरी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली, आणि या कामात त्यांना साथ होती त्यांच्या विदुषी पत्नीची, लक्ष्मीबाईंची. अचौर्यव्रताच्या दृष्टीनं हे काय झालं, यावर वाद घाला खुशाल. तेव्हाही घातला गेला. शेठजींनी ती प्रत घ्यायला नकार दिला, मग ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांकडे गेली. तिथून नकलांच्या नकला झाल्या आणि आपल्या वऱ्हाडात अमरावती-कारंज्यापर्यंत पोचल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांनी त्यांवरून 1939 साली पहिला भाग छापून काढला. सोळा भाग व्हायला आणखी वीस वर्षं गेली. आज तुमच्या मंदिराच्या कपाटात ते भाग असतील तर त्यामागे एका घराच्या माजघरात दिव्याच्या उजेडात बसलेली एक बाई आहे. तिच्याविषयी लिहिलेलं फार तर ओळभर सापडतं.

आता तो शब्द. पहिल्या भागातलं त्र्याण्णवावं सूत्र मनुष्यिणींबद्दल आहे, म्हणजे स्त्रियांबद्दल. त्या कोणकोणत्या गुणस्थानांपर्यंत चढू शकतात, ते त्यात येतं. हाताशी असलेल्या नकलांत तिथे “संजद” हा शब्द नव्हता. संजद म्हणजे संयत, सहाव्या गुणस्थानापासून वरची वाट. टीकेचा अर्थ लावताना संपादकांना वाटलं, इथे हा शब्द गळला असावा, आणि त्यांनी तसं नोंदवलं. केवढं वादळ उठलं! पंडितांची पत्रं, पुस्तिका, सभा. मग मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांत शोधलं, तर शब्द तिथे होता.

तो भावस्त्रीबद्दल आहे, द्रव्यस्त्रीबद्दल नाही, असं आपल्या दिगंबर पंडितांचं उत्तर आहे. ते उत्तर मला ठाऊक आहे आणि तो वाद सोडवायला मी बसलेले नाही, माझी तेवढी तयारीही नाही. मी एवढंच म्हणते : बाई किती उंच चढू शकते याबद्दलचा एक शब्द नकलांमधून गळला होता आणि त्या गावात शाबूत होता. त्या गावापासून सव्वा तासाच्या अंतरावर आम्ही सव्वीस जणी काजूच्या दुकानात “दोनशे चाळीस नंबर की तीनशे वीस” करत उभ्या होतो.

हे कमी पडलं म्हणून की काय, ते बंदरही आपल्याच एका बाईचं आहे. पणंबूरहून दक्षिणेला, नेत्रावतीचा पूल ओलांडला की उल्लाळ. तिथली राणी अब्बक्का चौटा जैन घराण्यातली. तुळुनाडूत वारसा अळियसंतान पद्धतीनं चाले, म्हणजे बहिणीच्या वंशाकडे. मामा तिरुमलराय चौटानं तिला घडवलं आणि उल्लाळच्या गादीवर बसवलं. मिरीचा व्यापार तिच्या बंदरातून चाले, पोर्तुगीजांना खंडणी हवी होती, तिनं दिली नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती त्यांच्याशी वर्षानुवर्षं लढली. नवरा मंगळूरचा बंगराजा, त्याच्याशी पटलं नाही, तर ती आपल्या राज्यात परत आली. तटरक्षक दलाच्या एका जहाजाला तिचं नाव आहे, टपाल तिकीटही निघालं आहे. आपल्या पाठशाळेत मुलींना चंदनबाला शिकवतात, राजुल शिकवतात, शिकवायलाच हव्यात. अब्बक्का शिकवल्याचं मी तरी ऐकलं नाही. लढाई आली की आपली अहिंसा अवघडते. पण मग चामुंडराय सेनापती होता, त्याचं काय? त्याच्या श्रवणबेळगोळला आपण बसेस भरभरून जातोच की.

बंदरात उतरून दिवस कसा घालवावा याचा सर्वांत चांगला दाखला मला ज्या माणसाचा वाटतो, तोही याच किनाऱ्यावरचा. पिएत्रो देल्ला वाल्ले, इटालियन प्रवासी. 1623 साली तो मंगळूरला उतरला, तेव्हा त्यानं बाजारहाट करण्यात दिवस काढला नाही. त्यानं ऐकलं होतं की इथे एक राणी आहे. तो तिला शोधत मनेल नावाच्या गावापर्यंत गेला आणि ती त्याला रस्त्यातच भेटली. अनवाणी, जाड्याभरड्या सुती वस्त्रात, पाण्याच्या चरांचं काम बघायला निघालेली. पहिल्या नजरेला ती त्याला राणीपेक्षा स्वयंपाकघरातली मोलकरीण वाटली, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढे ती बोलू लागली तेव्हा त्याचं मत बदललं. ही राणी अब्बक्काच की तिच्यानंतरची, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मला तो प्रसंग वेगळ्या कारणानं आठवत राहतो. आमच्या मंडळाच्या चौघा पुरुषांनी सव्वीस बायांकडे बघितलं तेव्हा त्यांनाही स्वयंपाकघरच दिसलं. फरक एवढाच की आम्ही बोललो नाही.

आता मला काय उत्तरं मिळतात तेही सांगते, कारण ती दर वर्षी मिळतात.

पहिलं : “सुट्टीला गेलो होतो, स्वाध्यायाला नाही.” ठीक. पण सुट्टी म्हणजे काय, ते तरी मनासारखं झालं का? त्या सव्वीस जणींतल्या नऊ जणींना मी नंतर विचारलं, मंगळूरचं काय आठवतं. सात जणींना थाळीतली आमटी आठवली, ती गोड होती म्हणून. एकीला दुकानातला पंखा. एकीला काहीच नाही, तिचा पाय दुखत होता. ही सुट्टी?

दुसरं : जेवण. इथे मी मऊ पडते, कारण हा प्रश्न खोटा नाही. कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर नाही, परक्या गावात बाई काय खाणार, हा घोर आईकडून सासूकडे आणि सासूकडून आपल्याकडे आलेला आहे. पण हिशेब बघा. जहाजावर सकाळी जैन नाश्ता मिळत होता. साडेचारला परत चढलं की सूर्य मावळायला दीड तास उरत होता, आणि जेवण तयार होतं. मधल्या वेळेला त्या खाखऱ्यांच्या डब्यांचं काय झालं, ज्यांच्यासाठी तीन बैठका झाल्या? ते बंद डबे मालदीवहून बालाघाटला परत आले. दोन पंगतींची थाळी धर्मासाठी नव्हतीच. संयोजकांना आपण काहीतरी सोय केली हे दाखवायचं होतं आणि आम्हाला कोणीतरी आयतं वाढतंय याचं सुख होतं. त्या सुखाला मी नाव ठेवत नाही. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस वाढणाऱ्या बाईला पाटावर बसायला मिळालं तर ती उठणार नाहीच. पण ते सुख जहाजावर सात दिवस मिळत होतं. बंदर एकच दिवस होतं.

तिसरं उत्तर भीतीचं : जहाज सुटलं तर? हे खरं आहे. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही वेगळ्या गेलात तर तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून घड्याळ लावूनच जायचं. मी ते करून पाहिलं. दोन वर्षांनी रेल्वेनं मंगळूरला गेले, बरोबर माझी धाकटी जाऊ. मुद्दाम पणंबूरच्या बंदराच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिलो आणि नऊला टॅक्सी केली, जशी काही जहाजावरून आत्ताच उतरलो. जाऊबाई म्हणाली, “ताई, तुम्ही वेड्या आहात.” सव्वादहाला आम्ही मूडबिद्रीत होतो.

हजार खांबांच्या बसदीत दीड तास. त्यातला अर्धा तास नुसत्या बसलो, ओट्यावर, दगड गार होता. मग सिद्धांत बसदी, तिला गुरु बसदीही म्हणतात, पार्श्वनाथांची उंच काळी मूर्ती. तिथे मी लक्ष्मीबाईंसाठी नवकार म्हटला. शास्त्रात असं काही सांगितलेलं नाही, माहीत आहे. डब्यातल्या पुऱ्या आणि लोणचं एका झाडाखाली खाल्लं, वीस मिनिटं. मग चौटांचा जुना वाडा, अब्बक्काच्या घराण्याचा. घराण्यातली माणसं अजून राहतात तिथे, म्हणून चपला काढून, विचारून, हळू आवाजात. तिथल्या लाकडी खांबावर नवनारीकुंजर कोरलेला आहे. नऊ बाया एकमेकींत अशा गुंफल्या आहेत की त्यांचा हत्ती झालाय. एकीची पाठ म्हणजे त्याची पाठ, एकीचा पाय म्हणजे सोंड. दुसरीकडे पाच बायांचा घोडा. जाऊबाईनं हत्तीतल्या बाया मोजल्या, आठच भरल्या. पुन्हा मोजल्या. नववी पोटाखाली सापडली, सगळ्या भाराखाली, आणि तिचा चेहरा शांत होता. जाऊबाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ही आपल्या घरची मोठी सून.” आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून एक आजी डोकावल्या.

एकला निघालो. वाटेत टायर बसला, अर्धा तास गेला. तरीही पावणेतीनला बंदराच्या फाटकाशी होतो. साडेचारला अजून पावणेदोन तास बाकी. जाऊबाईला काजू घ्यायचे होते, तेही घेतले.

लक्षात घ्या, आम्ही कारकळला गेलो नाही. तिथली बाहुबलींची 1432 सालची बेचाळीस फुटी मूर्ती मूडबिद्रीपासून आणखी अठरा-वीस किलोमीटरवर आहे. मन ओढत होतं. उल्लाळही राहिलं, ते उलट्या दिशेला. एका दिवसात मूडबिद्री, कारकळ, उल्लाळ, शिवाय चर्च आणि किनारा अशा याद्या लोक हातात ठेवतात. त्या यादीनं जाणारी बाई दिवसभर गाडीतल्या खिडकीची काच बघते. आपल्या आर्यिका माताजी विहारात बालाघाटला एखादाच दिवस थांबतात, पायी आलेल्या असतात, पहाटे पुढे निघायचं असतं. त्या एका दिवसात कोणाच्या घरी आजारी आहे, कोणाच्या मुलीची शाळा सुटली, कोणाच्या घरात भावाभावांत बोलणं नाही, हे सगळं त्यांना कळलेलं असतं. वैनगंगेचा घाट, मॅंगनीजची खाण यांतलं त्यांनी काही पाहिलेलं नसतं.

माझं भांडण भाईसाहेबांशी फारसं नाही. त्यांनी विचारलं नाही, पण त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. माझं भांडण माझ्या त्या हसण्याशी आहे. बस भरली होती, मी प्रश्न विचारला, उत्तर चुकीचं होतं हे मला माहीत होतं, आणि मी हसून पदर सावरला. घरात तेच करतो आपण. ट्रस्टच्या बैठकीत तेच करतो, मागच्या रांगेत बसून. आपल्या पुराणकथांतला वणिक जहाजावर चढतो, द्वीपांतराला जातो, बुडतो, तरतो, आणि बायको दाराशी उभी असते. आता आपण जहाजावर चढलो खऱ्या, पण बंदर आलं की पुन्हा दाराशीच उभ्या.

या हिवाळ्याच्या सहलीची यादी मंदिराच्या फळ्यावर लागली आहे. मुंबईहून जहाज, कोचीत एक दिवस. “मॉल : ३ तास. भोजन : २ तास. मसाला बाजार : १ तास.” कोचीत मट्टनचेरीला धर्मनाथांचं जुनं मंदिर आहे, भोवती पिढ्यान्‌पिढ्या व्यापाराला आलेल्या गुजराती घरांची वस्ती आहे. त्या घरांतल्या बायकांना परक्या किनाऱ्यावर चौविहार कसा जमला, पाठशाळा कशी चालवली, मुली कुठे दिल्या, हे विचारायला एक दिवस मला पुरेल, आणि ते मला विचारायचं आहे.

फळ्याखाली खडूनं मी लिहून आले : “चार जणींची टॅक्सी वेगळी. डबे आपापले. नावं माझ्याकडे द्यावीत.” काल संध्याकाळपर्यंत सात नावं आली. दोन टॅक्स्या कराव्या लागतील.